मजकूर वाचून केलेली मोडतोड : डेव्हिड कार्सन यांचे काम

मराठी नियतकालिकांची पाने लावण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, त्यामुळे दुसऱ्याचे पान हाती आले की नजर आधी समासावर जाते, मग ओळींमधल्या अंतरावर आणि त्यानंतर चित्रावर. अमेरिकी सजावटकार डेव्हिड कार्सन यांच्या पानांपुढे ही सवय निरुपयोगी ठरते, कारण तिथे समास अनेकदा नसतोच, स्तंभ एकमेकांना खेटलेले किंवा एकमेकांवर चढलेले असतात आणि पानाला क्रमांक असेलच अशी खात्री नसते. त्यांच्या कामाचे ‘द एन्ड ऑफ प्रिंट’ हे १९९५ सालचे पुस्तक मी नुकतेच पुन्हा सावकाश पाहिले. त्यातील मजकूर लुईस ब्लॅकवेल यांचा आहे, पण पुस्तक विकत घ्यावे ते कार्सन यांच्या पानांसाठी.

कार्सन यांनी समाजशास्त्राची पदवी घेतली, शाळेत शिकवले आणि व्यावसायिक सर्फर म्हणून स्पर्धाही गाजवल्या. ग्राफिक डिझाइनशी त्यांची ओळख झाली ती १९८० साली, अॅरिझोना विद्यापीठातल्या दोन आठवड्यांच्या वर्गात. पंचविशीच्या आसपास हाती आलेल्या या कलेचे नियम त्यांच्या अंगवळणी पडलेलेच नव्हते, हे त्यांच्या पानांवर स्पष्ट दिसते.

‘बीच कल्चर’ या नियतकालिकाचे अवघे सहा अंक निघाले, पण माझ्या मते कार्सन यांचे सर्वांत चांगले काम त्यांतच आहे. एका अंध सर्फरवरील लेखाची सुरुवात त्यांनी समोरासमोरची दोन्ही पाने काळीभोर करून केली. पान उलटताना वाचकाला चित्राची अपेक्षा असते आणि हाती येतो तो नुसता काळोख. ज्याला लाट दिसत नाही, तिचा अंदाज आवाजावरून आणि पायांखालच्या फळीवरून घ्यावा लागतो, त्या माणसाची ओळख करून देण्यासाठी याहून नेमकी मांडणी मला सुचत नाही. लेख मन लावून वाचल्याशिवाय असे पान लावताच येत नाही, आणि म्हणूनच मला या कामाविषयी मनापासून आदर वाटतो.

१९९२ साली सुरू झालेल्या ‘रे गन’ या संगीतविषयक मासिकाने त्यांना जगभर नाव मिळवून दिले. गायक ब्रायन फेरी यांची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून कार्सन यांनी ती संपूर्ण ‘झॅप्फ डिंगबॅट्स’ या चिन्हांच्या टंकात लावली. अक्षरांच्या जागी बाण, चांदण्या आणि फुल्या आल्या, आणि वाचता येईल असा मजकूर त्याच अंकात मागे छापला गेला. हे पान सर्वांत प्रसिद्ध आहे, तरी मला ते पटत नाही. मुलाखत रटाळ असेल तर ती परत पाठवणे हे संपादकाचे काम आहे. सजावटकाराने लिहिणाऱ्याची मेहनत अशी झाकून टाकू नये. पुस्तकातील काही पानांवर मोडतोड नुसत्या सवयीने आलेली दिसते आणि तिथे डोळे लवकर थकतात.

आपल्या तरुण सजावटकारांनी हे काम जरूर अभ्यासावे, मात्र त्याची युक्ती देवनागरीत जशीच्या तशी उतरवू नये. एका दिवाळी अंकातील कथेच्या मथळ्यावरची शिरोरेषा मी अशाच प्रभावाखाली पुसून टाकली होती. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यामुळे ती विस्कटली तरी प्रत्येकाची ओळख शाबूत राहते. आपल्याकडे ‘भ’ आणि ‘म’ किंवा ‘ध’ आणि ‘घ’ यांतला फरक ओळखायला शिरोरेषेचा मोठा आधार असतो. मथळ्यातला ‘घन’ संपादकांनी ‘धन’ असा वाचला आणि अंक छपाईला जाण्यापूर्वी मी रेषा पुन्हा चढवली. त्या कथेत पाऊस अखेरपर्यंत येतच नाही; तो मथळा कसा लावायचा याचे उत्तर कथेतच होते, आणि मी ती तोवर पूर्ण वाचलेली नव्हती.