दोन सेलचा नॉबवाला व्हेप बॉक्स: काही महिन्यांच्या वापरानंतर व्होल्टेजबद्दल

व्हेप म्हणजे ई-सिगारेट, आणि हा अनुभव ब्रिटनमधल्या वापराचा आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यालाच बंदी आहे, त्यामुळे तिकडून वाचणाऱ्यांनी याला खरेदीचा सल्ला समजू नये. सिगारेट कधी ओढलीच नसेल तर या वाटेला जाण्याचं कारणही नाही. इकडे १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायचे व्हेप विकणं बंद झालं. तेव्हापासून पुन्हा भरायच्या उपकरणांबद्दल बरंच विचारलं जातं, आणि त्यात नॉबवाल्या बॉक्सविषयी गैरसमज सगळ्यात जास्त दिसतात.

आधी वस्तू काय आहे ते. ॲल्युमिनियमचा हाताने बांधलेला बॉक्स. आत १८६५० आकाराचे (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) दोन लिथियम सेल, एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये. मधे मुराताचं ओकेआर-टी/१० हे पाच पायांचं व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल, ५०० ओहमचा पॉट (नॉबने फिरवून रोध बदलायचा पोटेन्शिओमीटर), त्याच्याशी सिरीजमध्ये २२० ओहमचा रेझिस्टर, १० अँपिअरचा फ्यूज, बटण, आणि वर लिक्विडची टाकी बसवायचं ५१० नावाच्या ठरावीक आट्यांचं कनेक्टर. पडदा नाही, वॅट दाखवणारी चिप नाही. ही कॉइलचा (लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) रोध स्वतः मोजून वॅट सांभाळणारी जात नव्हे. तुम्ही व्होल्टेज लावायचं, बाकीचा हिशेब तुमचा.

मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. झुरक्याची चव आणि बटण दाबताक्षणी मिळणारा प्रतिसाद, दोन्ही उत्तम. पण घरात मल्टिमीटर नसेल तर हा बॉक्स घेऊ नये.

दोन सेल सिरीजमध्ये असल्याने पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट मिळतात, आणि वापरता वापरता ते ६.४ पर्यंत उतरतात. मॉड्यूल त्यातून हवं तेवढंच खाली आणतं. म्हणूनच पहिल्या झुरक्यापासून शेवटच्यापर्यंत वाफ सारखी येते. एका सेलच्या साध्या ट्यूबमध्ये सेल उतरेल तशी वाफ मरत जाते, तो प्रकार इथे नाही. हेच दोन सेल पॅरलल, म्हणजे अधिकला अधिक आणि उणेला उणे, जोडले असते तर ४.२ व्होल्टच मिळाले असते, आणि त्यापुढे जायला व्होल्टेज चढवणारं वेगळं सर्किट लागलं असतं. बॉक्स कोणत्या पद्धतीचा आहे हे विकत घेतानाच विचारावं, कारण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

आता नॉब. मॉड्यूलचं आउटपुट त्याच्या ट्रिम नावाच्या पायापासून ग्राउंडपर्यंतच्या रोधावर ठरतं. सूत्र असं: १.१८२ ला किलो-ओहममधल्या रोधाने भागायचं आणि त्यात ०.५९१ मिळवायचे. पॉट शून्यावर असताना रोध फक्त २२० ओहम, म्हणजे ५.९६ व्होल्ट. पॉट पूर्ण उलटा फिरवला की ७२० ओहम, म्हणजे २.२३ व्होल्ट. २२० चा रेझिस्टर खर्च वाचवायला गाळला तर एका टोकाला रोध शून्याकडे जातो आणि मॉड्यूलला झेपणार नाही इतकं आउटपुट मागितलं जातं. तो असलाच पाहिजे.

मेख अशी की रोध भागाकारात बसतो, त्यामुळे व्होल्टेज नॉबच्या प्रमाणात वाढत नाही. पॉट साधारण ३०० अंश फिरतो असं धरा. २.२३ पासून ३ व्होल्टपर्यंत जायला जवळजवळ १३८ अंश खर्च होतात, म्हणजे अर्ध्या वाटेला पोचत आलो तरी कामाचं काही मिळालेलं नसतं. पुढे ४ ते ४.५ व्होल्ट हा टप्पा फक्त २७ अंशांत उरकतो, आणि ५ ते ५.५ तर १६ अंशांत. जिथे बारीक हात हवा तिथेच नॉब सगळ्यात चंचल. खिशात ठेवताना नॉब बोटभर सरकला की ४ चे ४.६ होतात, आणि ०.५ ओहमच्या कॉइलवर ३२ वॅटचे ४२ वॅट. पहिला झुरकाच करपट लागतो आणि कॉइलमधला कापूस काळा पडतो. दोष लिक्विडला दिला जातो तो उगाच.

यावर इलाज पॉट बदलण्याचा. २०० ओहमचा पॉट आणि २४० ओहमचा रेझिस्टर लावला तर पूर्ण फेरीत ३.२८ ते ५.५२ व्होल्ट एवढीच पट्टी मिळते, आणि ४ ते ४.५ च्या टप्प्याला २७ ऐवजी ६६ अंश मिळतात. खालचा २ ते ३ व्होल्टचा भाग जातो, पण तो या कॉइलवर कोणी वापरतच नाही. कार्बनऐवजी सर्मेट (धातू-सिरॅमिकच्या थराचा) पॉट घ्यावा. शक्य असेल तर नॉब काढून स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा दांडा ठेवावा, म्हणजे खिशातला प्रश्नच मिटतो.

जोडताना पॉटचा तिसरा, न वापरलेला पाय मधल्या पायाला जोडून टाकावा. घासून घासून मधली सरकती पट्टी क्षणभर सुटली तर रोध अनंत न होता पूर्ण ५०० ओहम होतो आणि आउटपुट किमान पातळीवर पडतं. सर्किट बिघडलंच तर ते खालच्या बाजूला बिघडावं.

व्होल्टेज मोजायची पद्धत सांगायलाच हवी, कारण बहुतेकांचं इथे चुकतं. टाकी काढून, मोकळ्या कनेक्टरवर मीटर टेकवून ४.० दिसले म्हणजे कॉइलला ४.० मिळतात असं नाही. ०.५ ओहमची कॉइल ४ व्होल्टला ८ अँपिअर ओढते. मॉड्यूलपासून कॉइलपर्यंत तार, सोल्डरचे डाग आणि कनेक्टर मिळून ०.०२ ओहम जरी असले तरी ८ अँपिअरला ०.१६ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून मोजायचं ते कॉइल लावून, बटण दाबून. पद्धत अशी: पुन्हा बांधता येईल अशी टाकी वरून उघडी ठेवायची, कापूस लिक्विडने नीट भिजवलेला असावा, मगरचिमटे कॉइलच्या दोन्ही खांबांवर लावायचे, बटण दोन सेकंद दाबून आकडा वाचायचा आणि सोडायचं. चिमटे एकमेकांना लागू देऊ नयेत. ३.५, ४.० आणि ४.५ असे तीन आकडे सापडले की नॉबभोवती चंदेरी मार्करने खुणा करून ठेवाव्यात. मॉड्यूलच्या बाजूने तार जाड हवी. १८ एडब्ल्यूजीची (हे तारेच्या जाडीचं माप, आकडा लहान तितकी तार जाड) सिलिकॉन तार चालते, १६ असेल तर आणखी बरं. कनेक्टरचा मधला पाय काळवंडला की तूट वाढत जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी एवढंच त्याला पुरतं.

कॉइलचा रोध मात्र साध्या मल्टिमीटरने मोजायच्या भानगडीत पडू नये. त्याच्या वायरींचाच ०.१ ते ०.३ ओहम रोध असतो, त्यामुळे ०.४ ची कॉइल ०.६ दिसू शकते, आणि हा फरक नेमका धोक्याच्या बाजूला जातो. दोन दशांश दाखवणारा ओहम-तपासक वेगळा मिळतो, तो घ्यावा.

रोध कळला की व्होल्टेज काढायचं: वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. ०.८ ओहमच्या कॉइलवर १५ वॅट हवे असतील तर ३.४६ व्होल्ट. ०.५ वर ३० वॅट हवे असतील तर ३.८७. पण दुसरी मर्यादाही पाहावी लागते. हे मॉड्यूल १० अँपिअर आणि ५० वॅटचं आहे. ०.५ ओहमवर ५ व्होल्टला दोन्ही मर्यादा एकदमच गाठल्या जातात. ०.४ वर ४ व्होल्टलाच १० अँपिअर होतात, म्हणजे ४० वॅटवर थांबावं लागतं. ०.३ ची कॉइल लावली तर ३ व्होल्ट आणि ३० वॅटलाच गाडी अडते, मग नॉब कितीही फिरवा. त्यापुढे मॉड्यूल स्वतःला वाचवायला आउटपुट तोडतं, आणि वाफ लागते-तुटते, लागते-तुटते अशी येते. याला लोक बॉक्स खराब झाला म्हणतात. कॉइल बदलून पाहावी. या बॉक्सला ०.५ ते १ ओहम ही योग्य जागा आहे. कॉइलची तार कँथलची (लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) असावी, कारण तापल्यावर तिचा रोध फारसा बदलत नाही. स्टेनलेस चालतं, पण तापलं की रोध वाढून वॅट थोडे घसरतात. निकेल आणि टायटॅनियमच्या कॉइल तापमान सांभाळणाऱ्या चिपसाठी असतात, त्या इथे लावू नयेत.

नवी कॉइल ३.३ व्होल्टपासून सुरू करावी. कापसाला लिक्विड पाजून दहा मिनिटं थांबावं, मग ०.१ ने वर जावं. चव उघडली की तिथेच थांबावं. घशात खरखर आणि पुठ्ठा जळल्यासारखा वास आला तर ०.२ ने खाली या. घट्ट लिक्विडमध्ये व्हेजिटेबल ग्लिसरीन जास्त असतं, ते कापसातून सावकाश चढतं. सलग झुरके घेतले तर योग्य व्होल्टेजलाही कॉइल कोरडी पडते. तिथे नॉबचा काही दोष नसतो. इथल्या कायद्याने लिक्विडमध्ये निकोटिन २० मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरपेक्षा जास्त नसतं आणि टाकी २ मिलिलीटरची. पण ३० वॅटवर २० चं लिक्विड ओढलं तर गरगरायला होतं, एवढ्या वाफेला ३ किंवा ६ पुरे.

सेल हा या बॉक्सचा सगळ्यात गंभीर भाग आहे आणि त्यावर काटकसर करू नये. ५० वॅटला, मॉड्यूलमध्ये वाया जाणारी वीज धरून, उतरत आलेल्या सेलमधून साडेआठ अँपिअरच्या आसपास निघतात. सॅमसंगचा २५आर सलग २० अँपिअरचा, ३०क्यू १५ चा, त्यामुळे दोन्हींत भरपूर वाव आहे. खोट्या वेष्टनाचे सेल बाजारात पुष्कळ. १८६५० वर ५००० मिलिअँपिअर-अवर लिहिलं असेल तर तो सेल हातात न घेतलेला बरा.

दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, एकाच वेळी घेतलेले असावेत. सिरीजमध्ये दोघांतून सारखाच करंट जातो. एक अशक्त असेल तर तो आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलट्या दिशेने ढकलत राहतो. हाच अपघाताचा खरा रस्ता. म्हणून दोघांवर एकच अक्षर लिहून जोडी ठरवावी, चार्जिंग बाहेरच्या चार्जरमध्ये, प्रत्येकाची वेगळी खाच असेल अशाच ठिकाणी करावं, आणि दर वेळी बॉक्समधल्या जागा अदलाबदल कराव्यात. चार्जरमधून काढल्यावर दोघांत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक पडायला लागला तर जोडी निवृत्त करावी.

या मॉड्यूलचा स्वभाव असा की ते इनपुट ४.५ व्होल्टला येईपर्यंत चालू शकतं, म्हणजे एका सेलला २.२५. लिथियमच्या सेलला ते फार खोल. वाफ सारखी येत राहते म्हणून सेल संपत आलेत हे तोंडाला कळतच नाही, जे सुरुवातीला गुण वाटलं तेच इथे अंगाशी येतं. त्यामुळे सेलच्या बाजूला एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर लावलेला असावा आणि बटण दाबलेलं असताना ६.४ दिसले की सेल बदलावेत. व्होल्टेज कमी होताच तोडणारं सर्किट बसवता आलं तर उत्तमच. बटण सोडलं तरी मॉड्यूल थोडा करंट खात राहतं, म्हणून रात्री मुख्य स्विच बंद.

सेल उलटे घातले तर मॉड्यूलला कुठलंही संरक्षण नाही, फ्यूज उडेल तेवढंच. आतल्या बाजूला अधिक-उणे ठळक रंगवून घ्या. सेलच्या वरच्या कडेचं वेष्टन नीट पाहा. सेलचं सगळं अंग उणे असतं आणि अधिकची टोपी त्या कडेपासून जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर असते. तिथे वेष्टन फाटलं की धातूच्या स्प्रिंगशी किंवा खिशातल्या किल्ल्यांशी शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. नवं पीव्हीसी वेष्टन पेन्सभर किमतीत मिळतं, हेअर ड्रायरने बसतं. आधी टोपीभोवतीची पांढरी चकती जागेवर आहे ना ते पाहून मग वेष्टन चढवावं. सुटे सेल प्लास्टिकच्या डबीतच, आणि विमानात हातातल्या बॅगेत. भारतात जाताना मात्र बॉक्स घरीच ठेवावा.

वापरातली एकच खरी कटकट म्हणजे पॉट. काही महिन्यांनी टाकीतून झिरपलेलं लिक्विड दांड्यावरून आत उतरतं, आणि नॉब स्थिर असूनही वाफ एकदम दचकते. मीटर लावला तर ३.९ चे ४.३ आणि परत ३.९ असा आकडा नाचताना दिसतो. सेल काढून पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारावा, दांडा वीस-पंचवीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावा, तासभर वाळू द्यावं. तरी आकडा नाचत असेल तर पॉटच बदलावा. बदलताना नव्याच्या दांड्याखाली पातळ रबरी वॉशर टाकला तर लिक्विड उतरत नाही, आणि घट्टपणामुळे नॉब आपोआप सरकतही नाही. खुणा मात्र पुन्हा मोजून कराव्या लागतात. ५०० ओहमच्या साध्या पॉटमध्ये २० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं, त्यामुळे जुन्या खुणेवरचे ४.० नव्या पॉटवर ४.० असतीलच असं नाही.