जुने मोटरहोम घेण्यापूर्वी: इंजिनाआधी छप्पर तपासा

फोर्स ट्रॅव्हलरच्या २०१२ सालच्या चासीवर बांधलेले आणि कोल्हापूरच्या शिरोलीजवळ विक्रीसाठी उभे असलेले एक मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, मी नुकतेच सविस्तर तपासले. गाडी म्हणून ते अजून दमदार आहे, पण आतले घर थकलेले आहे आणि मालक सांगतात ती किंमत मुख्यतः त्या घराची आहे.

इंजिनाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मर्सिडीजच्या ओएम ६१६ या जुन्या रचनेवर आधारलेले हे २.६ लिटरचे डिझेल इंजिन उद्यमनगरातल्या जाणत्या मिस्त्रींच्या चांगल्या परिचयाचे आहे. एवढे मात्र करावे, की इंजिन पूर्ण थंड असताना आपल्यासमोर सुरू करायला लावावे आणि मग गाडी पन्हाळ्याच्या चढावर नेऊन तापमानाचा काटा व क्लच, आणि उतरताना ब्रेक पाहावेत. या तिन्ही बाबतींत ही गाडी समाधानकारक ठरली.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. मोटरहोमच्या छपराला हवेसाठी, एसीसाठी आणि सौर पॅनेलच्या तारांसाठी भोके पाडलेली असतात. त्यांच्या कडांचे सीलंट (फटी बुजवणारा लेप) उन्हाने कडक होऊन तडकते आणि तेथून झिरपणारे पाणी आतल्या प्लायवूडमध्ये मुरत राहते, तरी वरच्या लॅमिनेटवर डागही दिसत नाही. म्हणून कपाटांचे वरचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा आणि पलंगाखालची जमीन अंगठ्याने दाबून पाहावी. या गाडीत मागच्या पलंगाच्या डाव्या कोपऱ्यातील प्लाय दाबल्यावर आत जात होता आणि कपाट उघडताच कुबट वास आला. असा कोपरा दुरुस्त करायचा तर कपाटे उतरवावी लागतात, म्हणजे खर्च लाकडाचा कमी आणि मजुरीचा जास्त होतो. गगनबावड्याच्या बाजूला ज्या प्रकारचा पाऊस पडतो, तो लक्षात घेता अशी गाडी मार्चच्या उन्हात न पाहता जुलैत पाहावी. ते शक्य नसेल तर छपरावर पाइपने बराच वेळ पाणी सोडून आत बसून राहावे. फक्त एकाच भिंतीवर नवे लॅमिनेट दिसले, तर त्यामागे काय आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपल्या भागात आणखी एक तपासणी अनिवार्य मानतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी महामार्गापर्यंत आले होते आणि अनेक वाहने बुडाली होती. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर दिसणारी मातीची रेघ, सीटच्या रुळांतला गाळ आणि वायरिंगच्या जोडांवरचा हिरवट थर या खुणा धुऊनही सहसा पूर्ण जात नाहीत. त्या दोन वर्षांतील विमा दाव्यांची माहितीही मागावी. येथे सुदैवाने तशी एकही खूण आढळली नाही.

टायरची नक्षी पाहून फसू नये. टायरच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर न झिजताही तडकतात. आतले वायरिंग घरगुती एकसंध तारेचे असेल तर रस्त्याच्या हादऱ्यांनी ती तुटू शकते, म्हणून बहुतारी (अनेक बारीक तारांची) वायर आणि प्रत्येक जोडणीला फ्यूज हवाच. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे सिलिंडरच्या कपाटाला तळाशी, थेट बाहेर उघडणारे छिद्र असले पाहिजे. या गाडीत ते नव्हते आणि ही उणीव मी गंभीर समजतो. शिवाय १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, त्यावर पलंग, बॅटऱ्या आणि माणसे. तेव्हा टाकी भरून गाडी वजनकाट्यावर नेणे आणि आलेला आकडा आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) परवानगी असलेल्या एकूण वजनाशी ताडून पाहणे हाच विश्वासाचा मार्ग आहे.

कागदपत्रांत आरसीवर वाहनाचा प्रकार काय नोंदला आहे, हे सर्वप्रथम वाचावे. प्रवासी वाहनातील आसने काढून पलंग बसवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येणारा बदल आहे; आरटीओची मान्यता नसेल तर पासिंग आणि विम्याचा दावा दोन्ही अडचणीत येतात. खासगी नोंदणी असेल तर तिची १५ वर्षांची मुदत २०२७ मध्ये संपते, त्यानंतर तपासणी करून घेऊन पर्यावरण कर भरावा लागतो. कर्जाचा बोजा उतरला आहे का, हेही सरकारच्या ‘वाहन’ या पोर्टलवर पाहावे.

या गाडीच्या आरसीवर बदलाची नोंद नाही. मालकांनी ती स्वतः करून दिली आणि गॅसचे कपाट नव्याने बांधून दिले, तर कुजलेल्या कोपऱ्याची मजुरी वजा करून ही गाडी घेण्यासारखी आहे. अन्यथा फक्त चासी आणि इंजिनाचे जे पैसे होतील, त्याहून अधिक देऊ नयेत.