शेजारच्या सीटचा सेन्सर: मल्टिमीटर की स्कॅनर?

चालकाच्या शेजारची सीट रिकामी, तरी बेल्टचा बजर थांबत नाही. किंवा उलट, माणूस बसलाय आणि गाडीला त्याचा पत्ताच नाही. बेल्टच्या बकलमधला स्विच ठीक आहे हे पाहून झालं, की उरते गादीतली मॅट (सीटवर कुणी बसलंय का ते ओळखणारा सेन्सर), तिची वायर आणि सीटखालचा कनेक्टर. यातलं बिघडलंय काय, हे मल्टिमीटरने शोधायचं की गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आतली माहिती वाचणाऱ्या स्कॅनरने?

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना शेजारच्या सीटसाठीही बेल्टचा इशारा सक्तीचा झाला. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत मॅट म्हणजे साधा दोन वायरींचा दाब-स्विच असतो. इथे मल्टिमीटर पुरतो. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, तीन मिनिटं थांबलेलं. मग मॅटचा कनेक्टर सोडवून ओहम मोजायचे: गादी मोकळी असताना आणि तळहाताने दाबल्यावर. आकडा अजिबात हलला नाही, तर मॅट गेली. गादीवर गुडघा टेकून मागच्या सीटवरचं सामान काढायची सवय असेल, तर मॅट लवकर जाते. पिवळ्या कनेक्टरला मात्र मीटर लावायचा नाही. ती एअरबॅगची लाइन, मीटरचा बारीकसा करंटही तिथे नको.

एवढं स्वस्तात होत असेल तर स्कॅनर कशाला? माझ्या मते, कनेक्टरसाठी. सीट पुढे-मागे सरकून खालची वायर ताणली जाते, पिना सैल होतात, त्यांवर थर चढतो. बिघाड येतो-जातो तो बहुतेक इथूनच. आणि मल्टिमीटरने मोजायला हाच कनेक्टर सोडवावा लागतो! सोडवताना पिना घासून साफ होतात, मीटर चोख आकडा दाखवतो, परत जोडल्यावर दिवाही गप्प. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मधल्या काळात धडधाकट मॅट बदलली गेली असेल तर खर्च पाण्यात.

स्कॅनरवर काहीच सोडवावं लागत नाही. लाइव्ह डेटात, म्हणजे गाडीला त्या क्षणी काय दिसतंय त्या यादीत, सीटची स्थिती उघडायची, कुणाला तरी बसवायचं, सीट रुळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायची आणि मधेमधे वायर हलवायची. ‘भरलेली’ची ‘रिकामी’ ज्या जागी होते, तिथेच दोष. मग पिना कॉन्टॅक्ट क्लिनरने पुसून, सैल पिन आवळून काम भागू शकतं.

काहीशे रुपयांचा ब्लूटूथ अडॅप्टर मात्र यात धरू नका. तो सहसा इंजिनचेच कोड, म्हणजे गाडीने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक, वाचतो (फोर्डवाल्यांची फोरस्कॅन या अ‍ॅपमुळे सोय होते, तेवढा अपवाद). नुसत्या कोडवरही विसंबू नये. ‘सर्किट ओपन’ म्हणजे जोडणी कुठेतरी तुटली; ती मॅटमध्ये, वायरीत की पिनेत, हे कोड सांगत नाही.

अमेरिकेत गाडी वापरत असाल तर निवडीला फारसा वावच नाही. तिथल्या गाड्यांत हीच यंत्रणा बसणाऱ्याचं वजन पाहून एअरबॅग चालू ठेवायची की बंद, ते ठरवते. काही गाड्यांत गादीखाली जेलची पिशवी असते, काहींत सीटच्या पायांशी वजन मोजणारे सेन्सर. गादी किंवा सेन्सर बदलला की शून्य जुळवणी (रिकाम्या सीटला शून्य वजन धरायला लावणं) बहुधा स्कॅनरनेच करावी लागते.

दोन वायरींची मॅट आणि कायमचा बिघाड असेल, तर मल्टिमीटर खुशाल वापरा. येणारा-जाणारा असेल, तर स्कॅनर आधी भाड्याने मिळतो का ते बघा. कनेक्टर त्यानंतर सोडवा.