दूषित पाणी: उकळावं की क्लोरीनची गोळी टाकावी?

पावसाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी नळाला गढूळ आलं, वास आला, की नाशिककरांपुढे हाच पेच. काहीही निवडा, आधी पाणी निवळू द्या, मग चौपदरी सुती कापडातून गाळा.

उकळायला गॅस जळतो, पण खात्री जास्त. खळखळ उकळी किमान 1 मिनिट ठेवा. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा सूक्ष्म परजीवीही मरतो. मात्र माठात हात बुडाला की उकळलेलं पाणी पुन्हा दूषित.

गोळी स्वस्त. पाकिटावरचं लिटरचं प्रमाण पाळा, 30 मिनिटं थांबा. न गाळलेल्या पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. उरलेलं क्लोरीन साठ्याचीही राखण करतं.

घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर उकळाच. साठा मोठा, गॅस कमी, तर गोळी. रॉकेल किंवा रसायनाचा वास आला तर दोन्ही निरुपयोगी. पाणी दुसरीकडून आणा.