समुद्रकाठचा तंबू: उघडी पुळण, झाडांचा आडोसा की कड्यावरचं पठार?

समुद्रकाठी मुक्काम ठरला की लोक आधी तंबू शोधायला लागतात. खरं तर आधी जागा ठरवावी. तंबू कसला हवा, मेखा किती लांब, पाणी किती न्यायचं, हे सगळं जागेवरून ठरतं. जागा मुख्यतः तीन प्रकारच्या असतात: लाटांसमोरची उघडी पुळण, वाळूच्या टेकड्यांमागची झाडी आणि कड्यावरचं पठार.

आमचा कौल आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदाच जाणार असाल, बरोबर लहान मुलं असतील किंवा एकापेक्षा जास्त रात्री राहायचं असेल, तर झाडांचा आडोसा निवडा. पुळण एका शांत रात्रीसाठी ठीक, तीही समुद्राला उधाण नसताना. पठार त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे दणकट तंबू आहे आणि हवामान बिघडल्यास मुक्काम मोडण्याची तयारी आहे. अनेक किनाऱ्यांवर रात्री राहायला बंदी असते किंवा परवानगी लागते, त्यामुळे जागा पक्की करण्याआधी तिथल्या प्रशासनाकडे चौकशी करा.

भरती: पुळणीचा खरा प्रश्न

पठाराला भरतीची चिंता नाही आणि टेकड्यांमागे ती सहसा पोहोचत नाही. पुळणीवर मात्र सगळं गणित तिच्यावरच आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं. म्हणजे रात्री 10 ला पूर्ण भरती असेल, तर पुढची सकाळी साधारण 10:25 ला आणि दुसऱ्या रात्रीची 11 च्या आगेमागे. हिशोबापेक्षा त्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघणं चांगलं. त्यात वेळेबरोबर पाण्याची उंचीही दिलेली असते, आणि तंबूसाठी उंचीच जास्त महत्त्वाची.

अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं, पाणी सर्वांत वर येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती कमी चढते. पुळणीवर राहायचं तर हेच दिवस निवडा. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हेही लक्षात ठेवा. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं. पुळणीचा चढ 50 मीटरला एक मीटर इतका सौम्य असेल, तर पाण्याची पातळी एक मीटर वाढताच समुद्र 50 मीटर आत येतो. झोपताना लांब दिसणारं पाणी मध्यरात्री तंबूशी येतं ते असं.

जागेवर पोहोचल्यावर वाळूत दोन रेषा शोधा. खालची, ओलसर रेषा ताज्या भरतीची. वरची रेषा वाळलेलं शेवाळ, शिंपले, पांढरी पडलेली लाकडं आणि कचरा यांची. ती मागच्या उधाणाची. तंबू वरच्या रेषेच्याही वर हवा, शक्यतो जिथे कायमची वनस्पती सुरू होते तिथे, पण वनस्पतीवर नाही. दूरच्या वादळाच्या लाटा या रेषेच्याही पुढे येऊ शकतात, म्हणून मोठ्या लाटांचा इशारा असेल तर पुळण रद्द. वरची रेषा कड्याच्या पायथ्याला टेकलेली दिसली, तर तिथे राहायचंच नाही. भरतीत बाहेर पडायची वाट बंद होते आणि वरून दगडही सुटतात.

वारा: इथे पठार मागे पडतं

दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून समुद्राकडून खारे वारे येतात आणि दुपारी त्यांचा जोर सर्वाधिक असतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटतो, जमिनीकडून मतलई वारे सुटतात. मावळतीला समुद्राकडे पाठ करून उभारलेल्या तंबूच्या दारात मध्यरात्री वारा शिरतो तो यामुळे. मतलई वारा सहसा मंद असतो. म्हणून तंबूची अरुंद, उतरती बाजू समुद्राकडे ठेवावी आणि ताणदोऱ्या चारही बाजूंनी बांधाव्यात. ‘वारा एकाच बाजूचा आहे’ म्हणून मागच्या दोऱ्या गुंडाळून ठेवणं हे तंबू कोसळण्याचं नेहमीचं कारण आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की तंबूवरचा दाब चौपट होतो. पठारावर हे सर्वांत जाणवतं, कारण कड्याला आपटलेला वारा वर चढताना वेग घेतो आणि काठाजवळ भोवऱ्यासारखा फिरतो. काठापासून बरंच आत, एखाद्या उंचवट्याच्या किंवा दगडी बांधाच्या आड तंबू लावला तर फरक लगेच कळतो. काठाला समांतर भेगा दिसत असतील तर तो भाग सुटत चालला आहे. तिथे बसूही नका. ताशी 35 किलोमीटरच्या वर झोत येण्याचा अंदाज असेल, तर साध्या घुमटाकार तंबूने पठारावर रात्र काढू नये.

वीज हे पठार टाळायचं दुसरं कारण. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज सुमारे 10 किलोमीटरच्या आत आहे. तंबू विजेपासून वाचवत नाही; पक्की इमारत किंवा बंद गाडी वाचवते. उघड्या पुळणीलाही हेच लागू. झाडीतही एकट्या उंच झाडाखाली थांबू नका.

मेखा कुठे धरतात

तंबूबरोबर मिळणाऱ्या 15-18 सेंटीमीटरच्या सळईसारख्या मेखा मातीसाठी असतात. टेकड्यांमागे, झाडांच्या मुळांनी बांधलेल्या जमिनीत त्या चालतात. कोरड्या वाळूत त्या हाताने सहज उपसून येतात, कारण वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत. तिथे 30-40 सेंटीमीटर लांब, रुंद पन्हळीच्या मेखा लागतात. त्याहून खात्रीची युक्ती म्हणजे पुरलेली पिशवी. साधारण 30 बाय 40 सेंटीमीटरच्या आठ-दहा कापडी पिशव्या न्या. प्रत्येकीत आठ-दहा किलो वाळू भरा, तोंडाला ताणदोरी बांधा, दीड फूट खोल खड्ड्यात ठेवा. खड्ड्यापासून तंबूच्या दिशेने दोरीसाठी तिरका चर काढा, नाहीतर दोरी खड्ड्याच्या काठावर वाकते आणि रात्रीतून सैल पडते. वर वाळू लोटून ओली करा आणि पायाने दाबा. ओलसर वाळू जास्त घट्ट धरते. पिशवी नसेल तर हातभर लांबीची जाड फांदी दोरीला आडवी बांधून पुरली तरी काम होतं.

पठारावर उलटी अडचण: वर चार बोटं माती, खाली कातळ. तिथे काठ्यांवर आपोआप उभा राहणारा तंबू घ्या आणि दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. दगडाची कड दोरी कापते, म्हणून मध्ये कापडाची घडी घाला. कातळाच्या खाचांतून काढलेले दगड निघताना परत तिथेच ठेवावेत, त्यांच्याखाली जीव राहतात.

दव, ऊन, डास

निरभ्र रात्री उघड्यावरचा तंबू आकाशाकडे उष्णता सोडून थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं. पुळणीवर आणि पठारावर पहाटे कापड भिजलेलं असतं. झाडांखाली दव कमी पडतं. कुठेही असा, दुपदरी तंबू घ्या आणि वरच्या खिडक्या उघड्या ठेवा. सकाळी उलट होतं. पुळणीवरचा तंबू सूर्य वर येताच भट्टी होतो, आडोशाला तासन्‌तास जास्त झोप मिळते.

आडोशाची खरी किंमत डास आणि बारीक चावरे कीटक. टेकड्यांमधल्या ओलसर खोलगटात ते सर्वाधिक असतात, म्हणून थोडी उंच, वाऱ्याची झुळूक येणारी जागा शोधा. वर वाळकी फांदी लटकलेली नको, आणि नारळाखाली तर कधीच नको. खाडीच्या मुखाजवळची जागा आम्ही मुद्दाम मोजलेली नाही. डास, चिखल आणि ओहोटीची जोरदार ओढ तिथे एकत्र असतात.

कासवं अंडी घालतात त्या पुळणींवर, विणीच्या काळात तंबू लावूच नका. पिल्लं सर्वांत उजळ क्षितिजाकडे चालतात, त्यामुळे विजेरीचा उजेड त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे नेतो.

पाणी, चूल, शौच

उष्ण हवेत माणशी दिवसाला चार-पाच लिटर गोडं पाणी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी धरा. पुळणीवर आणि पठारावर सावली नाही, तिथे पाच लिटरच धरा. पठारावर कॅन उचलून चढवायचे असतात, हे माणसं ठरवतानाच मोजा. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटी थोड्या गोड्या पाण्याने धुतली तर बरंच पाणी वाचतं.

तिन्ही ठिकाणी गॅसची शेगडीच बरी, वाऱ्याला आडोसा करून आणि तंबूच्या बाहेर. तंबूत पेटवली तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. वाहून आलेली लाकडं जाळू नका, त्यांत मुरलेल्या मिठामुळे घातक धूर निघतो. निखारे वाळूखाली पुरले तर ते विझत नाहीत. कित्येक तासांनी अनवाणी पाय पडला तरी भाजतो. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओता.

शौचासाठी झाडीत पाण्यापासून किमान 60 मीटर लांब, 15-20 सेंटीमीटर खड्डा पुरतो. वाळूत कुजवणारे जंतू कमी आणि पठारावर माती कमी, म्हणून तिथे पिशवीत भरून परत आणणंच योग्य.

परतल्यावर खारं पाणी तिन्ही जागांचा हिशोब वेगवेगळा लावतं. पुळणीवरच्या तंबूच्या चेन मिठाने आणि बारीक वाळूने अडकतात, ॲल्युमिनियमच्या काठ्या सांध्यांत गंजतात. पहिल्याच दिवशी सगळं गोड्या पाण्याने धुवा, चेनचे दात मऊ ब्रशने साफ करा, काठ्या सांध्यांत वेगळ्या करून पुसा. पठारावरच्या तंबूवरही खारे तुषार बसलेले असतात, ते दिसत नाहीत इतकंच. तोही धुवावा लागतो. झाडांमागच्या तंबूला बहुधा झटकणं आणि एकदा धुणं पुरतं, पण पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका, बुरशी लागते.