अरुंद लाईन, एकच फाईल, सगळ्या शाखा: यूएफटीपी काही महिने वापरल्यानंतर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्याच्या कितीतरी आधीपासून एकच प्रश्न डोक्यात होता: पाच जीबीच्या वरची विंडोज ११ ची आयएसओ (इन्स्टॉल करायची अख्खी डिस्क एका फाईलमध्ये) सगळ्या शाखांत पोचवायची कशी? आमची सौहार्द सहकारी संस्था, मुख्य कार्यालय बेळगावात. शाखा निपाणी, संकेश्वर, खानापूर, नंदगड, जांबोटी अशा पसरलेल्या. प्रत्येक शाखेत काउंटर, कर्ज विभाग आणि मॅनेजरचे मिळून आठ-दहा पीसी. निपाणी-संकेश्वरच्या बाजूला नेट बरं आहे. घाटाकडे सरकावं तसं ते आटत जातं. जांबोटीत चार एमबीपीएस मिळाले तर त्या दिवशी कुणाची तक्रार नसते, आणि त्याच लाईनीवर कोअर बँकिंग (सगळ्या शाखांच्या खात्यांची एकच मध्यवर्ती प्रणाली) आणि पिग्मी एजंटांच्या मशीनचं अपलोड.

पाच जीबी म्हणजे चाळीस हजार मेगाबिट. चार एमबीपीएसची लाईन पूर्ण याच कामाला दिली तरी एका पीसीला पावणेतीन तास लागतात. दहा पीसींनी आपापली प्रत ओढायची म्हटलं तर अठ्ठावीस तास. तेवढा वेळ काउंटर बंद ठेवायला कोण परवानगी देणार? मल्टिकास्टमध्ये पाठवणारा एकच प्रवाह एका ग्रुप पत्त्यावर सोडतो आणि त्या ग्रुपमध्ये सामील झालेली सगळी मशीन तो एकाच वेळी उचलतात. यूएफटीपी हा त्यासाठीचा मोफत, ओपन सोर्स प्रोग्राम. विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतो. पाठवणारा यूएफटीपी, घेणारा यूएफटीपीडी आणि मधला दुवा यूएफटीपीप्रॉक्सीडी, असे त्याचे भाग. सगळं कमांड लाईनवर.

प्रोग्राम चांगला आहे. पण त्याच्या भरवशावर फाईल नुसती सोडून देता येत नाही, कारण वेग आपणच ठरवायचा असतो. मूळ सेटिंग १००० केबीपीएसची आहे. बहुतेकांचा हात आधी ती वाढवायला जातो. जांबोटीसाठी मी ती तशीच ठेवली. एक एमबीपीएसने पाच जीबीला अकरा तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सातला सुरू केलं की सकाळी सहाला संपतं. लाईनीचा तीन चतुर्थांश भाग मोकळा राहतो. हा संयम गरजेचा आहे, कारण टीसीपी (नेहमीच्या डाउनलोडची पद्धत) गर्दी दिसली की मागे सरतो आणि ठरलेल्या वेगाने सोडलेला यूडीपी (यूएफटीपी वापरतो ती पद्धत) सरत नाही. लाईनीच्या ताकदीपेक्षा जास्त वेग दिला की पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, गळतात, ती पुन्हा पाठवावी लागतात, आणि या सगळ्यात कोअर बँकिंगच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. गर्दी पाहून वेग कमी-जास्त करणारी सोयही यूएफटीपीत आहे, पण ती सगळ्यात मंद घेणाऱ्याच्या चालीने चालते. मला ठरलेला आकडा बरा वाटतो, कारण सकाळी किती वाजता संपेल ते मॅनेजरला आदल्या दिवशीच सांगता येतं.

गळलेल्या पाकिटांची पद्धत मला मनापासून आवडली. आलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच कोणी देत नाही. घेणारा फक्त न आलेले तुकडे कळवतो आणि तेवढेच पुन्हा येतात. शेवटी कोणत्या मशीनला फाईल पूर्ण मिळाली आणि कोणाला नाही याची यादी मिळते. ऑडिटच्या वेळी ती यादी दाखवता आली, हे सुख वेगळंच.

आता अवघड भाग. इंटरनेट मल्टिकास्ट वाहून नेत नाही, आणि शाखांना जोडणारा साधा आयपीसेक व्हीपीएन (इंटरनेटमधून काढलेली खासगी, सुरक्षित वाट) तोही नेत नाही. त्यासाठी प्रॉक्सी आहे. मुख्य कार्यालयातला सर्व्हर प्रॉक्सी मल्टिकास्ट घेतो आणि शाखेतल्या क्लायंट प्रॉक्सीकडे साध्या युनिकास्टने, म्हणजे एकाकडून एकालाच, पाठवतो. तो क्लायंट प्रॉक्सी शाखेत पुन्हा मल्टिकास्ट करतो. शाखेच्या लाईनीवर एकच प्रत जाते. एक सर्व्हर प्रॉक्सी एकाच क्लायंट प्रॉक्सीला पाठवतो, त्यामुळे पाच शाखांना दोन-दोन एमबीपीएसने पाठवायचं तर बेळगावातून दहा एमबीपीएस अपलोड लागतं. मुख्य कार्यालयाची अपलोड क्षमता हाताशी घेऊनच शाखांचे गट पाडावेत. मंद आणि वेगवान शाखा एका गटात घालू नयेत.

जांबोटीचं कनेक्शन ४जी राउटरचं आहे, कंपनीच्या नॅटमागे, म्हणजे एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या व्यवस्थेमागे. बाहेरून त्या मशीनपर्यंत पोचायला पत्ताच नाही. तिथे क्लायंट प्रॉक्सीची हार्टबीट कामी आली. आतूनच ठराविक वेळाने बेळगावच्या प्रॉक्सीला एक छोटं पाकीट जातं, त्याने वाट उघडी राहते आणि बेळगावची बाजू शाखेच्या डिजिटल किल्लीच्या फिंगरप्रिंटवरून (किल्लीची छोटी खूण) शाखा ओळखते. या कामाला प्रत्येक शाखेत एक जुना पीसी लिनक्स टाकून ठेवला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे विंडोज ११ ला न चालणारे पीसी होतेच.

एवढं जमल्यावर एक गोष्ट लॉगमध्ये दिसायला लागली. प्रॉक्सी फाईल साठवत नाही, फक्त पुढे ढकलतो. त्यामुळे शाखेतल्या एका पीसीची केबल ढिली असेल तर त्याच्याकडून गळलेला तुकडा थेट बेळगावातून पुन्हा मागवला जातो आणि त्या अरुंद लाईनीवरून दुसऱ्यांदा जातो. वायफायवरचा लॅपटॉप तर त्याहून वाईट. वायफायवर मल्टिकास्ट सगळ्यात खालच्या दराने आणि पोचेशिवाय जातं, तुकडे गळणारच. एका लॅपटॉपसाठी अख्ख्या शाखेची लाईन राबते. म्हणून घाटाकडच्या शाखांत मी काम दोन टप्प्यांत विभागलं. रात्री फक्त शाखेतल्या जुन्या पीसीवर एक पूर्ण प्रत उतरवायची, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाईल बदलली तर बदलणारी आकड्यांची खूण) पडताळायचा, आणि दुसऱ्या दिवशी डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशोब बंद, झाल्यावर त्याच पीसीवरून शाखेतल्या शाखेत मल्टिकास्ट करायचं. दहाच्या दहा पीसी ५० एमबीपीएसने सव्वातेरा-साडेतेरा मिनिटांत मोकळे होतात. जे गळतं ते शाखेतच भरून निघतं. पहिल्या टप्प्याला मग यूएफटीपीच हवा असंही नाही. वेगाची मर्यादा घालून आरसिंक (फाईल कॉपी करायचा साधा प्रोग्राम) लावला तरी चालतो. मल्टिकास्टची खरी कमाई शाखेच्या आत आणि मुख्य कार्यालयात आहे.

पावसाळ्यात त्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. रात्रीच्या कामाच्या दिवशी शिपाईमामांचा फोन ठरलेला, "साहेब, सगळी मशीन चालूच सोडू काय? लाईट गेली तर?" मी सांगतो, "मामा, मॉनिटर तेवढे बंद करा, बाकी राहू द्या." कारण अर्धवट राहिलेलं काम पुढे चालू ठेवण्याची सोय आहे. पाठवताना ती चालू केली की अपुऱ्या मशीनची एक रीस्टार्ट फाईल तयार होते, ती देऊन तिथूनच पुढे पाठवता येतं. मात्र घेणाऱ्या मशीनवर तात्पुरता फोल्डर ठरवून दिलेला हवा. तो नसेल तर अर्धी फाईल राहतच नाही आणि सगळं पहिल्यापासून.

मुख्य कार्यालयात वेगळीच अडचण होती, आणि हे शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. छोट्या फाईली व्यवस्थित जायच्या, मोठ्या मात्र चार-सव्वाचार मिनिटांनी थांबायच्या. दर वेळी तेवढ्याच वेळाने. कारण स्विचमध्ये होतं. आयजीएमपी स्नूपिंग चालू असलेला स्विच कोणत्या पोर्टला मल्टिकास्ट हवं याची नोंद ठेवतो, पण "अजून कोण आहे?" असं अधूनमधून विचारणारा क्वेरिअर नेटवर्कमध्ये नसेल तर ती नोंद कालबाह्य होते. प्रमाणित मुदत २६० सेकंदांची: १२५ सेकंदांच्या दोन फेऱ्या आणि वर उत्तराचे १० सेकंद. स्विचवर क्वेरिअर चालू केला आणि थांबणं बंद झालं. कोणाचं मल्टिकास्ट ठराविक वेळी तुटत असेल तर प्रोग्राम बदलण्याआधी हे तपासा.

साध्या, अनमॅनेज्ड (सेटिंग करता न येणाऱ्या) स्विचचं उलट असतं. तो सगळ्या पोर्टवर सगळं ओततो. दोनशे-तीनशे एमबीपीएसने पाठवलं की शंभर एमबीपीएसच्या पोर्टवर बसलेलं थंब मशीन आणि पासबुक प्रिंटर गुदमरतात, त्यांना फाईलशी काही देणंघेणं नसलं तरी. शाखेत ५० ची मर्यादा त्यासाठीच.

पत्त्यांबद्दल थोडं. मूळचा २३०.४.४.१ हा पत्ता बदलून मी संस्थांतर्गत वापरासाठी राखलेल्या २३९ च्या पट्ट्यात गेलो. त्यातही २३९.०.०.x आणि २३९.१२८.०.x टाळावेत. इथरनेटवर बत्तीस मल्टिकास्ट पत्त्यांना एकच मॅक पत्ता (स्विच ज्यावरून पाकीट पुढे पाठवतो तो) येतो, आणि या दोन पट्ट्यांचा मॅक २२४.०.०.x शी जुळतो, जे स्विच सगळीकडे पसरवतात. टीटीएल (पाकीट किती राउटरपर्यंत जगेल तो आकडा) मुळात १ असतो, म्हणजे राउटर ओलांडून पाकीट जात नाही. दोन व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्क) असतील तर तो वाढवावा लागतो आणि राउटरवर मल्टिकास्ट राउटिंगही हवं.

यूएफटीपी फाईल पोचवतो, बसवत नाही. नुडी (कानडी टायपिंगचं सॉफ्टवेअर), मराठी कीबोर्ड, लिबरऑफिस, कोअर बँकिंगचा क्लायंट, हे सगळं आम्ही टास्क शेड्युलरवरच्या बॅच फाईलने बसवतो. आमच्याकडे सरकारी पत्र कानडीत आणि सभासदाचा अर्ज मराठीत, त्यामुळे दोन्ही भाषांचं पॅकेज प्रत्येक पीसीवर एकाच दिवशी एकसारखं लागतं, आणि अशा कामाला मल्टिकास्ट अगदी योग्य. विंडोजच्या मासिक अपडेटसाठी मी ते वापरत नाही. त्यासाठी विंडोजमधलंच डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन शेजारच्या पीसीकडून तुकडे घेतं आणि त्याला कोणी रात्री उभं राहावं लागत नाही.

निपाणीच्या शाखेत आता मॅनेज्ड स्विच येतो आहे. कर्ज विभाग तिथे दुसऱ्या मजल्यावर आहे, मध्ये अजून एक जुना स्विच आहे. नवा लागला की क्वेरिअर चालू करून दोन्ही मजले एकाच फेरीत होतात का ते बघणार आहे.