जुना कॅमेरा, मुदत संपलेले रोल आणि गळका तंबू: एकाच सौद्यातली फसवणूक

गेल्या मे महिन्यात भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाण्यापूर्वी मी पेंटॅक्स के1000 कॅमेरा, पाच रंगीत फिल्म रोल आणि दोन माणसांचा वापरलेला तंबू एकाच विक्रेत्याकडून ₹21,000 ला घेतला. कॅमेऱ्याची निवड मला आजही योग्यच वाटते. 1976 ते 1997 या काळात तयार झालेल्या या कॅमेऱ्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक असून बॅटरी केवळ प्रकाशमापकाला लागते, त्यामुळे रानात बॅटरी संपली तरी काम अडत नाही. मी चुकलो ते तपासणीत.

विक्रेत्याने तिन्हीसांजेला दादर स्थानकाबाहेर बोलावले. पथदिव्याच्या उजेडात मी लेन्स पाहिली, शटरचा आवाज ऐकला, मागचे झाकण उघडले आणि आतली स्वच्छता पाहून समाधान मानले. ती स्वच्छताच फसवी होती. झाकण ज्या खाचांत बसते तिथे उजेड अडवणारा काळा फोम असतो आणि तो जुना झाला की डांबरासारखा बोटाला चिकटतो. विक्रेत्याने तो खरवडून काढला होता, नवा मात्र बसवलाच नव्हता. परिणामी धुऊन आलेल्या पहिल्याच रोलवर फोटोमागून फोटो नारिंगी पट्ट्यांनी खराब झालेला निघाला, आणि 1/1000 सेकंद या शटरच्या वेगावर काढलेल्या फोटोंची एक बाजू काळी होती. झाकण उघडून, कॅमेरा आकाशाकडे धरून त्या वेगावर शटर दाबले असते, तर पूर्ण चौकटीतून उजेड येत नाही हे दिवसाउजेडी तिथल्या तिथे कळले असते.

रोलच्या खोक्यावर किमतीचे लेबल नेमके मुदतीच्या तारखेवर चिकटवले होते. ते सोलल्यावर खाली 2009 दिसले. ‘फ्रिजमध्येच ठेवलेत’ या विक्रेत्याच्या शब्दावर मी विश्वास ठेवला होता, पण रोल कुठे राहिले हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून तारीख उघडी नसेल तर रोल घेऊच नयेत.

तंबूच्या कापडाला आतून कुबट वास आणि चिकटपणा होता. पाणी अडवणारा थर सुटू लागल्याची ती खूण मला ठाऊक नव्हती. पहाटे वळवाची सर आली आणि शिवणींतून पाणी थेट अंथरुणावर ठिबकू लागले. तंबू घेताना तो उभारून पाहावा, शिवणींवर आतून पट्टी आहे ना हे बोट फिरवून तपासावे आणि बाहेरचे आवरण वेगळे असलेलाच घ्यावा, कारण एकेरी कापडाला पाऊस नसला तरी पहाटे आतून दव सुटते. तो उंचवट्यावर लावावा. कॅमेरा जमिनीवर ठेवू नये आणि रोल दुपारी तापलेल्या तंबूत सोडून जाऊ नये.

सौद्याच्या दुसऱ्या दिवसापासून विक्रेत्याचा फोन बंद आहे. कॅमेऱ्याला नवा फोम बसवून घेतला असून शटर दुरुस्तीला दिले आहे. उरलेले चार रोल कोणी मागितले तरी मी विकणार नाही. त्यांच्यावरची लेबले मी काढून टाकली आहेत.